रावस की शिंगाळा

आमचे दाजी तिथी पाहायचे ती फक्त समुद्रासाठी. एरवी त्यांनी कधी पंचांगाला हात लावला नाही. लग्न असो की घरभरणी, मुहूर्ताचं नाव काढलं की ते उठून जायचे. पण थंडी पडली की भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर चष्मा पुसत उभे राहायचे आणि पौर्णिमा-अमावास्या शोधायचे. पौर्णिमेला वसाहतीतली सगळी माणसं बुद्धविहारात, आणि दाजी डहाणूच्या पुढच्या वाळूत. कुठे होता म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाण्याकाठी शांत बसलो होतो. तेच तर सांगितलंय ना?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकला सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरीची पहिली काही वर्षं त्यांनी डहाणूला काढली आणि बदली होऊन आले ते हे वेड घेऊनच. मी तेव्हा सायकलवरून येवला, नांदगावच्या बाजारात फिरायचो आणि रिकामी पोती गोळा करून विकायचो. पुढे त्याच बारदानाच्या धंद्यावर दुकान झालं, घर झालं. घासाघीस हेच माझं शिक्षण. दुकान व्हायच्या कितीतरी आधीपासून दाजी मला 'शेठ' म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण मला ते आवडायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या थंडीत ते मला पहिल्यांदा घेऊन गेले. त्र्यंबक, जव्हारवरून जाणारी एसटी. त्या दिवसांत डोंगरातली माणसं भात काढून झालं की बिऱ्हाड घेऊन खाली मजुरीला उतरत, त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या मांडीवर कणकेच्या गोळ्यांचं फडकं होतं. लहानपणापासून मी गोदावरीत आणि दारणेत गळ टाकलेले. कणीक, थोडी हळद, थोडी पेंड, हे आमिष नदीत कधी वाया गेलं नव्हतं. दाजींनी फडकं पाहिलं, वास घेतला आणि "छान मळलीय" एवढंच म्हणाले.

समुद्राने माझी कणीक दोन लाटांत विरघळवली. मी पुन्हा गोळा लावायचो, पुन्हा गळ रिकामा. दाजी शेजारी उभे राहून सगळं फडकं संपेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "समुद्राला जेवू घातलंस. आता मासा पकडू या." मी चिडलो, आधी सांगायला काय झालं होतं म्हणालो. त्यांनी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

आमिष म्हणजे ताजी कोळंबी. किनाऱ्यावर एक मावशी टोपलीत घेऊन बसायची. मी सवयीने भाव पाडायला बसलो. तीही काही कमी नव्हती. आमचं रंगात आलं तेव्हा मागून दाजींचा आवाज आला, "शेठ, तुझा भाव ठरेपर्यंत पाणी गुडघ्यावरून कमरेला आलं." पौर्णिमेच्या आसपास तिथे पहाटे ओहोटी असते. उजाडल्यावर भरती चढायला लागते आणि तिच्याबरोबर मासा काठाकडे येतो. तेवढ्याच वेळेसाठी आम्ही नाशिकहून कुडकुडत आलेलो असायचो.

दाजींकडे काठी नव्हती. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यावर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं, त्याच्या वर गळ. शिसं डोक्यावर गरागरा फिरवून ते सोडायचे आणि मग दोरा बोटावर धरून उभे राहायचे. मी ताकद लावून लांब फेकायचो. लांब फेकलं की मोठा मासा, हा माझा हिशोब. दाजी मान हलवायचे. "मासा पहिल्या लाटेच्या मागे चरतोय. तू त्याच्या डोक्यावरून फेकतोस." काठाजवळ लाट जिथे फुटते तिथे वाळू खणली जाते आणि त्या खोलगट जागेत मासे अन्न शोधत येतात, हे मला पटायला एक हिवाळा गेला. तिथे शिंगाळे लागायचे, काटेरी आणि चिवट. रावस मात्र क्वचित. रावस मिळाला की दाजी गाडीत शेजारच्या अनोळखी माणसालाही पिशवी उघडून दाखवायचे.

धंद्यात हात मोकळा झाला तसा मी मुंबईहून जुनी विलायती काठी आणली, रिळासकट. विकणाऱ्याला रडकुंडीला आणून आणली. त्याच काठीला त्या पौषात तो मासा लागला.

मी वाळूच्या उंचवट्यावर, बराच आत उभा होतो. काठी वाकली, रीळ ओरडायला लागलं. असली ओढ मी आधी कधी अनुभवली नव्हती. हा रावसच, मी मनाशी पक्कं केलं. दाजी काठावरून हाका मारत होते. तिथला किनारा सपाट. भरतीचं पाणी समोरून येण्याआधी बाजूच्या घळीतून मागे शिरतं आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाला ते कळतही नाही. मी वळून पाहिलं नाही. मासा थकत आला होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. तेवढ्यात दाजी छातीभर पाण्यातून माझ्यापर्यंत आले, कोळंबी कापायचा चाकू काढला आणि दोरा कापला.

काठी एकदम हलकी झाली. ते हलकेपण माझ्या हातांतून अजून गेलेलं नाही.

दाजींनी मला दंडाला धरून काठावर आणलं. मी त्यांना नाही नाही ते बोललो. काठी वाळूत आपटली, पुन्हा उचलली आणि एकटाच स्टँडवर गेलो. पण परतीची गाडी एकच. ते पुढे बसले, मी मागे. जव्हारला गाडी थांबली तेव्हा त्यांनी एका पोऱ्याबरोबर माझ्यासाठी चहा पाठवला. मी तो खिडकीत तसाच ठेवला.

माझं म्हणणं एवढंच होतं, की त्यांनी माफी मागावी. ती तर नाहीच, उलट नातेवाइकांत विषय निघाला की ते हसून म्हणायचे, "कसला रावस? शिंगाळा असेल." हे मला फार लागलं. मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. ताई राखीला माझ्याकडेच यायची.

तरी दर थंडीत ताईकडून निरोप यायचा, "हे म्हणतात, अमुक दिवशी पौर्णिमा आहे." तेवढाच. सौद्यात आधी बोलेल तो पडतो, हे मी बाजारात शिकलेलो. दाजी आपण होऊन बोलत होते, म्हणजे पडतं घेत होते. आणखी थोडं ताणलं की माफीही येईल असं मी धरून चाललो. असे कितीतरी हिवाळे मी ताणले. त्यांनी तिथी सांगितली ती तिथी म्हणूनच सांगितली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग एका थंडीत निरोप आला नाही. आता हे अडून बसले, असं मला वाटलं आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पौर्णिमा होऊन गेल्यावर मी सहज म्हणून ताईकडे चौकशी केली. दाजी दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. मला का कळवलं नाही म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "हेच नको म्हणाले. शेठला सांगू नकोस, आजारी पडून सौदा करतोय म्हणेल."

मी गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. अंगाची काडी झालेली. मला पाहून म्हणाले, "भरती आत शिरलीय, शेठ." मी स्टूल ओढून बसलो. मी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "रावसच होता रे. मोठा होता."

इतकी वर्षं मी हेच ऐकायला थांबलो होतो. आणि ऐकल्यावर ते मला नको झालं. पाण्याखालचा मासा ना त्यांनी पाहिला होता, ना मी.

"नाही दाजी," मी म्हणालो, "शिंगाळाच असणार. रावस तळाला एवढा दबत नाही."

ते हसले, हसताना खोकला आला. "मागितलेला भाव दिला तर खाली उतरतोस? धंदा बसेल तुझा."

पुढच्या पौर्णिमेला दाजी नव्हते; विहारात त्यांच्यासाठी वंदना झाली. विलायती काठी माळ्यावर आहे. ताईने मला तुपाचा डबा दिला, दोऱ्यासकट. आता थंडी पडली की ती कॅलेंडर पाहून तिथी कळवते आणि मी जातो. चाकू घाईने चालला, असं मी अजूनही म्हणतो, पण आता ते ऐकून हसायला कुणी नाही. दोरा पहिल्या लाटेमागे टाकून उभा राहतो. ओढ लागली की आधी मागे वळतो, घळ भरत आलीय का ते पाहायला. आता ते माझं मलाच पाहावं लागतं.