टक्कल जन्मजात की पडलेलं?

न्याहारीला जंतांचा विषय काढायचा नाही, असा आमच्या इथल्या, परदेशातल्या डून लेरी गावच्या घरात नातीचा नियम आहे. "आजी, नॉट ओव्हर पोहे, प्लीज," असं ती अस्सल इथल्या हेलात बजावते. पण त्या शनिवारी नियम मोडला तिच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत जे रानउंदीर राहतात, त्यांच्या आतड्यातले पट्टकृमी ओळखायचे आणि त्यांची वर्गवारी लावायची, हे तिचं काम. तिकडची माणसं उंदीर पकडतात, जंत काढतात आणि स्पिरिटच्या बाटल्यांत घालून इथे सँट्रीतल्या तिच्या प्रयोगशाळेत पाठवतात.

"आई, मला नवी जात सापडली," ती म्हणाली. "बाकी सगळं ओळखीच्या कुळाचं आहे, पण डोक्यावर आतड्याला धरायचा एकही आकडा नाही. त्या भागात असा बिनआकड्यांचा कुणालाच मिळालेला नाही. सोमवारी बॉसला सांगते. शोधनिबंधावर पहिलं नाव माझं!"

ती चमक माझ्या चांगल्या ओळखीची. नागपुरात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्याआधी पंचविशीत मी एक थोर शास्त्रज्ञ होते. फक्त जगाला खबर नव्हती. शेतातल्या एका उंदराच्या पोटात मला टकला पट्टकृमी मिळाला. दुसऱ्या कुणाला दाखवावा? छे! मी फळ्यावर खडूने त्याचं बारसं केलं, त्यात स्वतःचं आडनाव घातलं आणि अख्ख्या विभागाला पेढे वाटले. वर नवी साडी. आमच्या सरांनी पेढा सावकाश संपवला, बोटं पुसली आणि विचारलं, "टक्कल जन्मजात की पडलेलं?"

मला वाटलं, सर स्वतःबद्दल बोलताहेत. मी म्हणाले, "सर, तुम्हाला शोभतं."

मग कळलं. हे जंत डोक्यावरच्या आकड्यांच्या मुकुटाने आतड्याला धरून राहतात. उंदीर मेल्यावर लवकर उघडला नाही, तर जंताचं मांस मऊ पडतं आणि आकडे गळतात. उरतं ते टक्कल, आणि त्यावर एखादी दीडशहाणी बाई पेढे वाटते.

तोच प्रश्न मी सुनेला विचारला. तिचा घास हातातच राहिला.

"उंदीर ताजेच उघडले असतील हो."

"असतील म्हणजे?"

"म्हणजे... त्या आठवड्यात त्यांची जीप बंद पडली होती. पिंजरे उशिरा काढले म्हणे."

"चल, सँट्रीला."

"आई, शनिवार आहे!"

"जंताला काय त्याचं?"

प्रयोगशाळेत शुकशुकाट होता. तिने भिंगाखाली जंताचं डोकं ठेवलं आणि मी पाहिलं. चार चूषक, म्हणजे चिकटायच्या वाट्या, आणि मधोमध चांगला जाडजूड शेंडा, पुरा स्नायूंचा.

"जन्मजात टकल्याला एवढा शेंडा कशाला लागतो गं? खुंटी आहे म्हणजे टोपी असणार. तो नुसता शोभेचा नाही."

"शेंडा असून आकडे नसलेल्या जाती असतात, आई." आवाज चढला होता. बरोबरच होतं तिचं.

"असतात. म्हणून बाटलीचा तळ बघू, गळालेले आकडे तिथेच साचतात. स्पिरिट फेकलं नाहीस ना?"

फेकलं नव्हतं. तळाचा गाळ तिने नळीने उचलून काचेवर सोडला आणि स्वतःच बघायला बसली. मी मुद्दाम हात लावला नाही. बराच वेळ ती नुसती काच सरकवत होती. मग थांबली.

"आहेत," ती म्हणाली. "तीन दिसताहेत. ही आकड्याची मूठ, हे पातं."

आकड्याचा आकार तिने जुन्या चित्राशी ताडून पाहिला. त्याच मैदानातून पूर्वीच नोंदलेली, साधी, सर्रास मिळणारी जात. नवी जात गेली, पहिलं नावही गेलं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. विमानतळाकडे एक विमान उतरत होतं. ते दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. मी जिभेवर आलेला टोमणा गिळला. मला टोमणा गिळता येतो हे घरात कुणालाच खरं वाटत नाही.

मग तिने फोन काढला. सोमवारची वाट न बघता बॉसला सरळ सांगितलं: नवी जात नाही, आकडे गळालेत, पुरावा काचेवर आहे. तिच्या वयाची मी असते, तर आधी त्या जीपवाल्याला शिव्या घातल्या असत्या, मग नशिबाला, आणि सोमवारी तापाचं निमित्त काढून घरी निजले असते.

"काय म्हणाला?"

"ग्रँड म्हणाला. चिडला असेल का हो?"

"अगं, इथे पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतात. अजून काय?"

"त्या आठवड्याच्या सगळ्या बाटल्यांचे तळ पुन्हा तपासायचे. तोवर त्यातलं काहीच छापायचं नाही." ती माझ्याकडे वळली. "येणार का तुम्ही?"

"येईन की. पण टोमणे मारीन."

"ते धरूनच विचारलं," ती म्हणाली आणि पुढची बाटली उघडली.