खिशातला पायलट

पुरानी बस्तीतले आमचे हे शेजारी बोलायचे कमी, घासायचे जास्त. गच्चीवर बसून बाल्साच्या हलक्या लाकडाचे तुकडे जोडायचे, त्यावर फायबरग्लासचं कापड चढवायचं, पॉलिश पेपरनं घासायचं आणि मग डोळे मिटून बोटांनी तपासायचं. रिमोटवर उडणारं लढाऊ विमान बनवत होते ते. "झालं का जी?" असं विचारलं की म्हणायचे, "हव, होऊन राहिलं." मला वैताग यायचा.

आत बसवायच्या बोटभर पायलटला तर त्यांनी इतकं जपून रंगवलं, की भुवयासुद्धा काढल्या.

शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर ते विमान पहिल्यांदा उडवायला आम्ही दोघंच गेलो. त्यांनी विमानाची काच उघडली, पायलटला काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विमानाचा तोल जाऊ नये म्हणून त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडा बसवला. तो घरूनच आणला होता.

"त्याले काहून काढलं जी?"

"विमान पहिले जाऊन येऊ द्या."

विमान उडालं, घिरट्या घालून सुखरूप उतरलं.

"आता बसवा त्याले," मी म्हणालो.

"हव," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशाचं बटण लावलं.