चौकोनाबाहेरचा ठिपका

सरांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकमेकांत अडकलेली. भोवती चौकोन. मंग चौकोनाच्याही बाहेर, पार कोपऱ्यात, खडू टोचून एक ठिपका दिला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ही तू."

अख्खा क्लास हसला. मीपण हसले. काय करणार होते?

शहापूरला पतपेढीच्या माडीवर हा भरतीचा क्लास. आमी ठाकर, आदिवासी. पाडा तानसा तलावाच्या अंगाला, रानात. मला वनरक्षक व्हायचं होतं. गार्ड आयची मोळी अडवायचा, कोयता हिसकावून न्यायचा, आणि ती त्याच्या पाया पडायची. हे बघत मी मोठी झाले. त्या खाकीत मीच असले तर आयला कोण अडवणार? एवढं एकच डोक्यात. बाने सरांचे हातपाय धरून फी अर्धी करून घेतली. मंग अर्ध्या फीची पोरगी म्हणून फळा पुसायचा मी, पाण्याचा जग भरायचा मी.

सराव पेपरातलं गणित असं होतं. गावात शंभर घरं. साठ घरांना नळ, पंचावन्न घरांना विहीर. प्रत्येक घराला दोन्हींपैकी किमान एक सोय आहे. तर दोन्ही सोयी किती घरांना?

उत्तर पंधरा. साठ आणि पंचावन्न मिळवा, शंभर वजा करा, झालं. मी खूण केली ती 'निश्चित सांगता येत नाही' वर. 'प्रत्येक घराला' ही ओळ मी वाचली नव्हती असं नाय. वाचली होती. खरी वाटली नाय. आमच्या पाड्यात नळ नाय, विहीर नाय. ओहोळात खड्डा खणतो, त्याला डवरा म्हणतो. त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. उन्हाळ्यात टँकर, आला तर. समोर तानसाचं एवढं पाणी, ते पाइपातून मुंबईला जातं. मी सरांना विचारलं, "ज्यांच्याकडं दोन्ही नाय, ती घरं कुठं धरायची?" खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"गणित गावाचं आहे, जंगलाचं नाही," सर म्हणाले. "तुम्ही लोक चौकोनातच बसत नाही." आणि तो ठिपका.

त्या दिवसापासून माझं नाव ठिपका पडलं. वर्तुळांचं गणित निघालं की सर आधी बाहेर ठिपका द्यायचे, पोरं बाकं वाजवायची. तास संपला की सर म्हणायचे, "पूस गं फळा." मी पुसायची. माझा ठिपका माझ्याच हातानं. क्लास सुटला तर खाकी सुटली, ही भीती. घरी आय विचारायची, "काय शिकवलं गो आज?" मी सांगायची, "गणित."

मंग एके दिवशी पाड्यात नळयोजनेचा एक साहेब आला. आमच्या दारात सिमेंटचा खांब रोवला, त्याला नळ लावला. खाली पाइपच नव्हता. आयला म्हणाला, "मावशी, हंडा घेऊन उभ्या राहा. हसा जरा." फोटो काढला. मंग शेजारच्या दारात तेच. निघून गेला. आयनं नळ फिरवून बघितला. पुन्हा फिरवला. मंग डोक्यावर हंडा ठेवून डवऱ्याकडं चालू लागली.

तिची पाठ बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख झालं. 'प्रत्येक घराला किमान एक.' ही ओळ अशी तयार होते तर! आमी आता त्यांच्या वर्तुळात गेलो. थेंबभर पाणी न येता गेलो. आणि मी येडी, इतके दिवस समजत होते की गणित मलाच येत नाय.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा वर्तुळं काढली, पुन्हा ठिपका दिला. तास संपला. "पूस गं."

मी उठले. वर्तुळं पुसली, चौकोन पुसला. ठिपका ठेवला.

"तो कोण पुसणार? तुझा बाप?"

"नाय पुसणार," मी म्हटलं. "तो खोटा नाय, सर. तुमची 'प्रत्येक घराला' ही ओळ खोटी."

"उद्यापासून येऊ नकोस."

नाय गेले. बा माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाय. परीक्षा कॉम्प्युटरवर होती. वर्तुळांचं गणित आलंच, मोबाइल आणि टीव्हीचं. तीच ओळ. मी निमूट त्यांना हवं ते उत्तर दाबलं. बाकीच्या पेपरात मार खाल्ला. यादीत नाव नाय. आयचा कोयता परवाच पुन्हा गेला. मला आता खाकी मिळेल असं वाटत नाय, आणि कुणी धीर दिला की डोकं फिरतं.

मागल्या आठवड्यात तो नळाचा साहेब पुन्हा आला. सगळ्या घरांना पाणी मिळालं, असा कागद, त्यावर घरटी एक अंगठा हवा. शाईचा पॅड आयसमोर धरला. आयनं हात पुढं केला. मी तिचं मनगट धरलं.

"अंगठा नाय मिळणार."

"मग टँकरही विसरा," साहेब म्हणाला.

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. कुणीतरी पुटपुटलं, "अगो, उगा कशाला?" पण आयनं हात मागं घेतला, मंग शेजारणीनं घेतला, मंग बाकीच्यांनी. साहेब शिव्या घालत गेला.

टँकर आला नाय. येणारही नाय. डवरा आटत चाललाय. पहाटे आय आणि मी पाळी लावून बसतो, आणि काही बाया मलाच बोल लावतात. लावू देत. तो माणूस परत येईल तेव्हा मी दारातच असणार. आमच्या घराला किमान एक सोय आहे, असं मी कुणाला लिहू देणार नाय.