आईने मामाला जुना पत्ता दिला

या सदरातले अनुभव आई जेवताना मोठ्याने वाचून दाखवते आणि मी कानात इअरफोन घालते. यावरून मी कुठल्या बाजूची आहे ते कळलं असेलच. भुतं, संकेत, स्वप्नात येऊन पाणी मागणारे नातेवाईक... मला यातलं काही पटत नाही, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही येतो. तरी लिहितेय, कारण आमच्याकडे कोणीही पाहुणा आला की आई ही गोष्ट सांगते, दर वेळी थोडी रंगवून, आणि बाबा मध्येच उठून गॅलरीत जातात. म्हटलं, जे जसं झालं तसं एकदा लिहून टाकावं. माझं मराठी घरात शिकलेलं आहे, शाळेत नाही. सांभाळून घ्या.

आम्ही दोहात राहतो. बाबा गॅस प्लँटवर इंजिनियर आहेत. माझी सगळी शाळा अल मुंतझाच्या एकाच फ्लॅटमधून झाली — पेट्रोल पंपाच्या मागची बिल्डिंग, खाली लाँड्री, तिसरा मजला. वर्ल्ड कपच्या वर्षी मालकाने सांगितलं, करार वाढवणार नाही, रंगरंगोटी करून फुटबॉल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना फ्लॅट द्यायचाय. आमच्या ओळखीतली निम्मी घरं तेव्हा अशीच हलत होती. आम्हाला अल वक्र्यात जागा मिळाली. सामान न्यायला ट्रक ज्या दिवशी मिळाला, तो दिवस नेमका सर्वपित्री अमावस्येचा निघाला.

हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. आईला होतं.

आईचा एकुलता एक भाऊ, अरुणमामा, कोविडच्या दुसऱ्या लाटेत नाशिकला गेला. विमानं, क्वारंटाइन, परवानग्या... आई पोचू शकली नाही. मामाने लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं करणारं दुसरं कोणी नाही. पहिल्या वर्षी आईने सर्वपित्रीला मुंतझाच्या गॅलरीत त्याच्या नावाने ताट ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्या दिवशी आमचा गॅसच ट्रकमध्ये होता, आणि आम्ही कुठल्यातरी हॉटेलातून आणलेला शावर्मा खाल्ला. आईने खाल्ला नाही. त्यानंतर महिनाभर ती नव्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. विचारलं की एकच उत्तर — "तो उपाशी परत गेला असेल."

"आई, तो कुठेही गेलेला नाही," मी म्हणायचे. हे वाक्य किती चुकीच्या अर्थाने घेतलं जाऊ शकतं हे मला उशिरा कळलं.

आता हॅलोवीनकडे येते. इथे तो उघडपणे कोणी करत नाही. पण नव्या बिल्डिंगमधल्या देसाई काकूंनी मुलांसाठी वरच्या हॉलमध्ये पडदे लावून पार्टी ठरवली, आणि लेडीज ग्रुपवर जाहीर केलं की मुलांना नुसती चॉकलेटं नकोत, नॉलेज पण हवं, तर ईशा पाच मिनिटं हॅलोवीनचा इतिहास आणि चालीरीती सांगेल. ईशा म्हणजे मी. मी ग्रुपवर "ओके" टाइप करायलासुद्धा दहा वेळा विचार करते. नाही म्हणायला तर त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात सहा जणींनी टाळ्यांचे इमोजी टाकले.

माझ्या खोलीत खोकी होती, म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून प्रॅक्टिस करत होते. आई कोथिंबीर निवडत होती.

"परत सांग," ती म्हणाली. "काय करायचे ते आयरिश लोक?"

"पीक कापून झालं की वर्षातला उजेडाचा भाग संपला असं मानायचे. त्या रात्री मेलेली माणसं आपापल्या घरी येतात, म्हणून त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवायचे. आणि बाकीच्या भुतांनी आपल्याला ओळखू नये म्हणून मुखवटे घालायचे. भोपळे नंतर आले. आधी सलगम कोरून त्यात दिवा लावायचे."

"ताट वाढून ठेवायचे," आई म्हणाली. सलगमशी तिला देणंघेणं नव्हतं. "कुठल्या तिथीला?"

"तिथी नसते गं. एकतीस ऑक्टोबर."

"म्हणजे सोमवारी."

मला तिचा चेहरा बघूनच कळलं. मी समजावलं की एका बोर्डाची परीक्षा चुकली म्हणून दुसऱ्या बोर्डाची देता येत नाही. ती म्हणाली, "मेलेल्या माणसांना कसली बोर्डं." मी देसाई काकूंची मदत घ्यायला गेले, तर काकूंनी अर्धा तास सांगितलं की हॅलोवीन मुळात आपलाच, पितृपंधरवडाच तिकडे गेलेला. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बोलवायचं तर सोमवारीच बोलव. मंगळवारपासून हय्या कार्डाशिवाय कोणाला देशात सोडणार नाहीत." हय्या कार्ड म्हणजे मॅच बघायला येणाऱ्यांचा परवाना. बाबांचा जोक होता. आई हसली नाही. तिने मान डोलावली.

सोमवारी तिने सगळं केलं. वरण-भात, गवारीची भाजी, वडे, खीर, आमसुलाची चटणी, शिवाय मामाला आवडते म्हणून कढी. त्या लोकांचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू व्हायचा हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे ताट संध्याकाळी गॅलरीत ठेवलं. खाली मशिदीत अजान झाली. मंत्र तिला येत नाहीत. तिने हात जोडले, मामाचं पूर्ण नाव घेतलं आणि मग, आपल्याकडे जेवण पोचवणाऱ्या मुलांना जसं सांगतात तसं, एका दमात म्हणाली, "अल मुंतझा, पेट्रोल पंपाच्या मागे, खाली लाँड्री आहे ती बिल्डिंग, तिसरा मजला. ये रे."

"आई," मी म्हटलं, "आपण तिथे राहत नाही."

मी गप्प बसायला हवं होतं का? माहीत नाही. मला चुकीचं काही ऐकलं की राहवत नाही. आई तशीच हात जोडून उभी राहिली. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी परत चुकले गं त्याला." ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताटाकडे बघत बसली.

"सुनंदा, पुन्हा सांग की बरोबर पत्ता," बाबा म्हणाले. "ऑर्डर कॅन्सल करून..."

"एकदा बोलावलेल्या माणसाला असं फिरवतात का?"

मला वर हॉलमध्ये जायचं होतं, आणि इथे माझे आईवडील मृत माणसाच्या डिलिव्हरी ॲड्रेसवर वाद घालत होते. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मुंतझाच्या बिल्डिंगचा नातूर — म्हणजे वॉचमन, प्लंबर, सगळं तोच — कमालभाई. चितगावचा माणूस, कायम वैतागलेला. आम्ही टेरेसवर टाकून आलेला जुना कूलर उचला म्हणून तो दर आठवड्याला फोन करायचा. बाबांनी स्पीकर लावला.

"साब, कूलर..."

"हां कमालभाई, इस हफ्ते पक्का."

"और आपका गेस्ट आया है. इधर सीढ़ी पे बैठा है."

"कौन गेस्ट?"

"क्या मालूम. बोलता है खाने पे बुलाया है."

आई खुर्चीतून उठली. बाबांनी स्पीकर बंद केला, पण उशीर झाला होता. "माझ्या ऑफिसमधलं कोणी असेल," ते म्हणाले. मग फोनमध्ये, "उसको फोन दो." कमालभाई म्हणाला, मी खाली पाण्याच्या पंपाच्या खोलीत आहे, वर जाऊन देतो, आणि लाइन कट झाली. परत लावला तर उचलला नाही.

आईने तोवर ताटातलं सगळं डब्यात भरलं होतं.

बाबा म्हणाले हा मूर्खपणा आहे, आणि गाडीची किल्ली घेतली. त्यांचं नेहमी असंच असतं. मी देसाई काकूंना मेसेज टाकला की घरात इमर्जन्सी आहे. कसली, ते लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

रस्त्यात जागोजागी वळवलेली वाहतूक. जिथे तिथे फुटबॉलचे बॅनर, दिवे, नवीन लावलेल्या कुंड्या. आई डबा मांडीवर धरून बसली होती. पोचलो तेव्हा लाँड्रीबाहेर रंगाचे डबे ठेवलेले होते आणि पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

"गया," कमालभाई म्हणाला. "मैं बोला तुम लोग वक्रा चला गया. बोला कैसे जाते हैं. मैं बोला मेट्रो से जाओ."

"कोण होता?" बाबांनी विचारलं. मराठीतच. गडबडले होते बहुतेक.

कमालभाईला प्रश्न कळला. "पहले बोला, ठकी का घर. मैं बोला इधर कोई ठकी नहीं. फिर बोला, नासिकवाला इंजिनियर, एक बेटी है जो बात नहीं करती. तब मैं समझा."

तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी अर्थातच काही बोलले नाही.

पण आईने माझा दंड घट्ट धरला होता. ठकी हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मामा आमच्यासमोर तिला सुनंदाच म्हणायचा. लहानपणी तो तिला ठकी म्हणायचा आणि ती चिडायची, म्हणून मोठेपणी फक्त दोघंच असताना म्हणायचा — हे तिने मला नंतर सांगितलं. बाबांनाही ते माहीत नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती.

आईने पुढे होऊन फक्त एकच विचारलं. "भूखा गया क्या?"

"नहीं मॅडम. इतना देर बैठा था, तो मैं अपने में से दिया. दाल-चावल, मछली. मछली नहीं लिया, बोला सोमवार है. चावल दो बार लिया."

बाबांनी फोनमध्ये मामाचा फोटो शोधून दाखवला. कमालभाईने फोन जवळ धरला, लांब धरला. "ऐसा ही था. इससे पतला." मग फोन परत देत, "सब आदमी ऐसा ही होता है, साब." यातून काय निष्पन्न झालं ते ज्याला समजलं असेल त्याने मला सांगावं.

"आणि थाळी?" आईने का विचारलं कोण जाणे.

"धो के रख के गया."

"संपलं तर," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "थाळी धुतली म्हणतोय. तुझ्या भावाने उभ्या आयुष्यात चहाचा कप विसळला नव्हता."

आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "आपल्या घरी नाही विसळला. परक्याकडे जेवला की धुतोच माणूस."

आईने डबा कमालभाईच्या हातात दिला. त्याने उघडून वास घेतला आणि विचारलं, कूलर आज नेताय का. आम्ही नेला. मागच्या सीटवर माझ्या शेजारी. आई पुढे बसली आणि आमची गाडी पंपापाशी वळायच्या आत झोपली. तिला असं गाढ झोपलेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

आता माझी बाजू. तेव्हा शहरात नवे लोक रोज येत होते आणि पत्ते चुकत होते. सोमवारी मासे न खाणारी माणसं इथे काय कमी आहेत का? नाशिकचे इंजिनियर तर ढिगाने. मी बोलत नाही हे कमालभाईला आधीच माहीत होतं, ते त्याने आपल्या पदरचं घातलं असेल. बाबा म्हणतात ठकी हेही त्याने काहीतरी वेगळं ऐकलं असेल. काय वेगळं, ते सांगा म्हटलं की ते गॅलरीत जातात. तो माणूस कुणाचा पाहुणा होता, ते पुढे कधीच कळलं नाही. वक्र्याला आमच्याकडे कोणी आलं नाही. देसाई काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पुढच्या वर्षीची सर्वपित्री नेहमीच्या तिथीला, नेहमीच्या वेळी झाली. ताट वाढून झाल्यावर आई मला म्हणाली, "पत्ता तू सांग. माझं परत चुकायला नको."

मी म्हटलं, मी असलं काही करणार नाही. ती नुसती उभी राहिली. अन्न निवत होतं. बाबा दारात थांबले होते, पेपर न घेता. मग मी — फोनवर पिझ्झासुद्धा मागवू न शकणारी — गॅलरीत उभी राहून मोठ्याने पत्ता सांगितला. अल वक्रा, झोन नंबर, स्ट्रीट नंबर, बिल्डिंग नंबर, दुसरा मजला, लिफ्टमधून आलं की उजवीकडे. आणि ऐकू गेलं नसेल तर म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.

मी तो दुसऱ्यांदा का सांगितला, हे मला अजून समजलेलं नाही. बाकीचं तर नाहीच नाही.