वळणावर जपलेलं टायर

कांतिलाल सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नारायणगावात, त्यांच्या घरच्या दुकानासमोर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी टायर कंपनीत नवखी डिझायनर, ते चाचणी विभागाचे प्रमुख. माझ्या टायरवरून हात फिरवत ते म्हणाले, "देखणं आहे. आता चालतंय कसं, ते बघू."

ते नापास झालं तर माझी नोकरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाचणीसाठी सरांनी आपल्याच जुन्नर-आंबेगावचे रस्ते निवडले. दोन सारख्या जीप, सारखं वजन. एकीला जुनं टायर, दुसरीला माझं. चालक आलटून पालटून. येडगाव, लेण्याद्री, घोडेगाव असा रोजचा फेरा. माझं टायर वळणं छान घेत होतं, झीजही कमी. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली. बोरी बुद्रुकचे बबनभाऊ आमचे चालक. त्यांनी हळदकुंकू फक्त माझ्याच टायरांना लावलं. सरांनी कारण विचारलं.

"ताईंचं टायर हाय, सायेब. लई गुणी पोर. म्हून वळणावर हळू घेतो, खड्डा चुकवतो."

सगळे हसले. सरांनी मात्र तोवरची सगळी चाचणी रद्द केली. मी भयंकर चिडले, रडलेही. सर शांतपणे म्हणाले, "उद्या हे टायर अनोळखी माणसाच्या गाडीला बसेल. मागं त्याची बायकापोरं असतील. तो तुला ओळखत नाही, बेटा."

एकही खड्डा न चुकवता घेतलेल्या नव्या चाचणीत माझ्या टायरच्या कडा लवकर झिजल्या. त्या दिवशी सरांनी मला घरी नेलं. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात. काकूंनी आग्रह करकरून वाढलं, आणि पोटभर जेवण झाल्यावरच सरांनी निकाल सांगितला. दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन त्यांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांशी भांडून मला आणखी एक संधी मिळवून दिली. सुधारलेलं टायर बबनभाऊंनी, जीव वरखाली होत असताना, एकेका खड्ड्यात घातलं. ते टिकलं. मीही टिकले.

सरांना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात. बबनभाऊच त्यांना मंचरला डॉक्टरांकडे नेतात, वळण हळू घेत, खड्डा चुकवत. सर त्यांना काही बोलत नाहीत.

सर, ही चाचणी नाही. आम्हांला तुम्हांला असंच जपू द्या, खूप खूप वर्षं.