नातीचं दुपटं सोडलं तेव्हा

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या घरी मी जे बघितलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी चौथी शिकलेली बाई, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक शीतल पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आलीय. जावई नाशकाजवळ अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट सुटली की गाडी काढून रोज येतात. माणूस लय चांगला, पण भेंडी खात नाही... आणि आमच्या मळ्यात निम्मी भेंडीच! असो.

आम्ही भाजीवाले. संध्याकाळी मी मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधते, पहाटे माल नाशकात मार्केटला जातो. नात झाली तर तिलाही मी तशीच बांधली... हात आत, पाय सरळ, वरून दुपटं घट्ट, डोक्याला टोपडं. पाजायलाही तशीच शीतलच्या मांडीवर द्यायची.

आणि झोपायची कशी! रात्री नऊला पाजलं की थेट दोन-अडीचला चुळबुळ. शेजारणींची नातवंडं रात्रभर घर डोक्यावर घेतात, आणि मी ओट्यावर बसून सांगायची, "आमची गुणाची आहे बाई, आईला त्रास नाही."

शीतल म्हणायची, "आई, ती पिता पिता झोपून जाते गं. उठवू का?" मी तिलाच दटावायची, "झोपलेल्या लेकराला उठवतं का कुणी?"

मंगळवारी सरकारी दवाखान्याची आशाताई वजन करायला आली. चौदावा दिवस होता. काट्याच्या झोळीत बाळ ठेवलं, उचललं... आणि तिचा चेहरा उतरला. जन्माच्या वेळेपेक्षाही वजन कमी भरलं.

"आजच डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "आणि मावशी, एवढी झोप चांगली नाही. पोटात दूध जात नाही, म्हणून ताकद नाही, म्हणून झोपतेय."

शीतल ढसाढसा रडायला लागली. "मलाच दूध कमी आहे, पावडरचा डबा आणा." गुणाची, गुणाची म्हणत मी त्या जिवाला उपाशी ठेवलं होतं...

जावयांना फोन केला. ते निघाले, पण यायला अर्धा तास तरी लागणार. आशाताई म्हणाली, "तोवर एक करून बघू. आधी हिला सोडा. ही काय मेथीची जुडी आहे का, मावशी?"

दुपटं सोडलं, झबलं काढलं, टोपडं काढलं. शीतलला उशांना टेकवून बसवलं आणि उघडं बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून पातळ चादर. मी म्हटलं, "गारठेल गं!" तर आशाताई म्हणाली, "आईच्या अंगाची ऊब आहे ना. आता कुणी हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

थोडा वेळ काहीच नाही. मग बोटं उघडली... एकेक, सावकाश. चौदा दिवसांत मी ती बोटं नीट बघितलीच नव्हती, कायम आत कोंबलेली. तिनं मूठ चाटली. मान उचलली, लटपटली, पडली. परत उचलली.

आणि मग तिनं पायानं रेटा दिला. खरंच सांगते, रेटा दिला! बोटभर सरकली. दमली. गाल टेकवून पडून राहिली, परत सरकली. शीतलचा हात पुढे गेला तर आशाताईनं अलगद धरून ठेवला. "थांब गं... येतेय ती."

हातानं चाचपडत, नाक घासत ती पोचली. आ वासला आणि धरलं. खोलीत आम्ही तिघी, तिच्याकडेच बघत... मग गुटुक, गुटुक आवाज यायला लागला. शीतल रडत होती, हसत होती. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

जावई आल्यावर दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नाही. दर दोन-अडीच तासांनी उठवा, मोकळं ठेवून पाजा, म्हणाले. आता रात्रीसुद्धा मीच तळपाय चोळून तिला उठवते. ती असं भोकाड पसरते की शेजारणी मनातल्या मनात हसत असतील... हसू देत.

आज आशाताई परत आली होती. वजन जन्माच्या वजनाच्या पुढे गेलंय! शीतलनं काटा दोनदा बघितला, मी तीनदा.

मला दोन लेकरं झाली. दोघांना बांधूनच पदराखाली घेतलं, तसंच करायचं म्हणून. त्यांनीही असं शोधलं असतं का मला? डोळे धड उघडत नाहीत, मान सावरत नाही, आणि आपली आई कुठे आहे ते तिला ठाऊक... कुणी शिकवलं असेल हो? या वयात हे बघायला मिळालं, देवाजवळ आता आणखी काय मागू.