निफाडहून पेठला, जमुनाच्या पडवीत

आई गेल्यापासून अण्णा बागेत जात होते, वेळेवर जेवत होते, फक्त बोलत नव्हते. दिवाळीसाठी मी पुण्याहून निफाडला गेले, तेव्हा घरात टीव्हीचाच काय तो आवाज होता. भाऊबीज झाल्यावर मी त्यांना म्हटलं, पेठला जमुनाकडे जाऊन येऊ. ते नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावर मी गाडी काढली.

जमुना माझी नाशिकच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. ती पेठच्या डोंगरातली, मी द्राक्षबागायतदाराची मुलगी. पहिले काही महिने आम्ही एका खोलीत राहून एकमेकींशी कामापुरतंच बोलायचो. मग वाचनालयातली एकच कादंबरी दोघींना हवी होती, म्हणून ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायची. मजुरीला निघालेल्या एका कुटुंबाची गोष्ट होती. मध्येच थांबून जमुना म्हणाली होती, "आम्ही पण असंच यायचो. तुमच्या निफाडला, छाटणीला." लहानपणापासून बागेच्या कडेला पाहिलेल्या त्या झोपड्यांत कोण राहायचं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आम्ही कॉलेज संपेपर्यंत एकत्र वाचत राहिलो.

नाशिकमध्ये मिसळ खाल्ली. अण्णांनी अर्धी ठेवली. कॉलेज रोडवरून मुद्दाम गाडी नेली. आमच्या हॉस्टेलच्या जागी आता काचेची इमारत आहे, तरी समोरचं गुलमोहराचं झाड ओळखू आलं. जायचं असेल तर सांगते : पंचवटी ओलांडली की पेठ रोड लागतो, रस्ता चांगला आहे, पण गुजरातकडचे ट्रक फार. सावळघाटात घाई करू नका. पेट्रोल नाशिकमध्येच भरून घ्या, आणि फोन करायचे ते घाटाच्या अलीकडे करा, पुढे रेंज येते-जाते. स्वतःची गाडी नसेल तर पेठपर्यंत एसटी आहे, पुढे जीप मिळते. दिवाळीनंतर डोंगर अजून हिरवे असतात आणि खाचरांत कापलेला भात पसरलेला असतो. अण्णा काच खाली करून बघत होते.

जमुना तिच्या गावाजवळच्या शाळेत शिकवते. तिच्या घरी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा असं जेवण झालं. तिच्या आईला, पारूमावशींना, वाचता येत नाही. म्हणून जमुना रोज संध्याकाळी पडवीत बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवते. पाहुणे आहेत म्हणून ती त्या दिवशी टाळणार होती. मावशी म्हणाल्या, पाहुण्यांनाही ऐकू दे.

त्या संध्याकाळी वाचत होती त्या कादंबरीतल्या माणसाची बायको वारली होती आणि तो तरीही दोन ताटं वाढत होता. मी जमुनाला थांबायला खुणावलं, पण तिची नजर पानावर होती.

मावशी मध्येच बोलल्या, "अगं, त्याला कोणीतरी जेवाया बसवा की."

"माणूस बसतो," अण्णा म्हणाले. "घास उतरत नाही."

जमुना वाचायची थांबली. मावशींनी अण्णांकडे पाहिलं.

"आमचे हे गेले तवा मला पण नाय उतरला," त्या म्हणाल्या. "लय दिवस."

अण्णांनी मान हलवली आणि मग आईबद्दल बोलायला लागले. तिचं दुखणं, दवाखान्याच्या फेऱ्या, शेवटच्या दिवशी तिने मागितलेला चहा. तो चहा मला माहीतच नव्हता. मावशी मधूनमधून एखादा प्रश्न विचारत होत्या. त्यांनी निफाडला कुठल्या बागांत काम केलं तेही निघालं. अण्णांच्या बागेत नाही, पण शिवारातल्या विहिरी दोघांना सारख्याच पाठ होत्या. मावशी थंडीत झोपड्यांत कशा राहायच्या, हे अण्णांनी विचारलं. बागेत इतकी वर्षं मजूर येतात, पण त्यांनी हे कोणाला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी परतताना नाशिक जवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "तो माणूस पुढं काय करतो?" मला माहीत नव्हतं. गाडी कडेला घेऊन मी जमुनाला फोन लावला. ती म्हणाली, सांगणार नाही, काकांना ऐकावं लागेल.

तेव्हापासून जमुना संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून वाचते आणि निफाडला ओट्यावर अण्णा ऐकतात. रेंज गेली की ती ते पान पुन्हा वाचते. मी पुण्याला परतले तरी यात खंड पडला नाही. फोन लावून द्यायला माझी गरज कधीच नव्हती.

कादंबरी गेल्या आठवड्यात संपली. पुढचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. तरी दुसऱ्या संध्याकाळी फोन वाजला, असं अण्णांनी मला सांगितलं. पारूमावशी होत्या. नागली झोडून झाली म्हणाल्या, आणि विचारलं, जेवलात का.